यंत्राच्या पोटात यंत्र पाहणारा गणिती

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत विंडोज सुरू होते. विंडोजच्या समजुतीप्रमाणे तिला स्वतंत्र प्रोसेसर आहे, मेमरी आहे, हार्ड डिस्क आहे आणि नेटवर्क कार्डही आहे. प्रत्यक्षात ती हार्ड डिस्क म्हणजे लिनक्समधील एक मोठी फाइल असते आणि नेटवर्क कार्ड हा निव्वळ सॉफ्टवेअरचा खेळ असतो. या पाहुण्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला, तर आधी जपून ठेवलेली प्रत उघडून सारे पूर्ववत करता येते. वीस वर्षांपूर्वीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल, तर त्याच्यापुरती जुनी विंडोज अशा चौकटीत जिवंत ठेवता येते.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, या नावाने ओळखली जाणारी ही सोय घरातील आणि कार्यालयातील संगणकांवर रुजली ती प्रामुख्याने १९९९ नंतर. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र १९३६ सालचा आहे. जगात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात नसताना केंब्रिजमधील एका २३ वर्षांच्या गणितज्ञाने कागदावर सिद्ध केले, की एकच यंत्र इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते. त्यासाठी त्या दुसऱ्या यंत्राचे वर्णन त्याला लिहून दिले म्हणजे पुरे. हा गणितज्ञ म्हणजे ॲलन ट्युरिंग. त्यांच्या या विचारावर आजचे संगणकविश्व उभे आहे आणि त्यांच्या देशाने त्यांना दिलेली वागणूक हा त्या देशाच्या इतिहासातील लाजिरवाणा अध्याय आहे.

मद्रास इलाख्याशी नाते

ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते आणि त्यांची सेवा मद्रास इलाख्यात चालू होती. आई एथेल सारा यांचा जन्म कोइमतूरजवळील पोदनूरचा. त्यांचे वडील एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. थोरला मुलगा जॉन याचा जन्मही निलगिरीतील कुन्नूरचा. असे असूनही भारतातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे ही दोन्ही मुले इंग्लंडमध्ये, समुद्रकाठच्या हेस्टिंग्जजवळ, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आली. आईवडिलांच्या सहवासाला ॲलन बालपणाचा बराच काळ पारखा राहिला.

१९२६ साली शेरबर्न येथील शाळेत त्याचा प्रवेश निश्चित झाला, तेव्हा इंग्लंडमध्ये देशव्यापी संप पुकारला गेला होता आणि रेल्वेगाड्या बंद होत्या. बोटीने साउदॅम्प्टन बंदरात उतरलेला हा मुलगा सुमारे १०० किलोमीटर अंतर सायकलने कापून, वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून शाळेत हजर झाला. तेव्हा त्याला चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. शाळेत लॅटिन आणि ग्रीक या भाषांना मान होता. विज्ञानात रमणाऱ्या, गचाळ अक्षराच्या आणि वहीवर शाईचे डाग पाडणाऱ्या या विद्यार्थ्यावर बरेच शिक्षक नाराज असत.

येथेच त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम हा वरच्या वर्गातील मित्र लाभला. गणित आणि खगोलशास्त्र यांच्या ओढीने दोघे एकत्र आले. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने मॉर्कमचा मृत्यू झाला. हा घाव ॲलनच्या मनावर खोलवर उमटला. शरीर संपल्यावर मनाचे काय होते, मन हे शरीराशी कायमचे बांधलेले असते की त्याला दुसरे घर मिळू शकते, या प्रश्नांनी त्याला घेरले. पुढे गणित आणि यंत्रांच्या भाषेत त्यांनी जे प्रश्न मांडले, त्यांचे बीज चरित्रकारांना या शोकात दिसते.

कागदी पट्टीवरचे बहुरूपी यंत्र

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याच कॉलेजचे फेलो झाले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी उपस्थित केलेला एक प्रश्न त्यांच्या कानावर आला. गणितातील कोणतेही विधान समोर ठेवले असता ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवून देणारी एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असू शकते काय, असा तो प्रश्न होता.

यांत्रिक रीत म्हणजे नेमके काय, याचे उत्तर देण्यासाठी ट्युरिंग यांनी एक काल्पनिक यंत्र रचले. चौकोन आखलेली अमर्याद लांबीची कागदी पट्टी, एका वेळी एकच चौकोन वाचू किंवा लिहू शकणारे एक मुख आणि पुढे काय करायचे हे सांगणारा नियमांचा तक्ता, एवढाच त्याचा पसारा. वाचलेल्या खुणेनुसार यंत्र ती खूण बदलते, पट्टीवर एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते आणि आपली अवस्था बदलते. कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणारा माणूस जे जे करतो, ते सारे या साध्या हालचालींत बसवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

खरी झेप त्यानंतरची होती. प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र, म्हणजे वेगळा तक्ता लागतो. परंतु हा तक्ताही शेवटी खुणांचाच बनलेला असतो. मग तो पट्टीवरच का लिहू नये? पट्टीच्या आरंभी दुसऱ्या यंत्राचा तक्ता लिहून ठेवला, तर तो वाचून त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एक सार्वत्रिक यंत्र रचता येते, हे ट्युरिंग यांनी तपशिलासह मांडले. गावोगाव फिरणारा बहुरूपी एकाच देहाने कधी पोलीस होतो तर कधी गोसावी. तसे हे यंत्र. त्याचे सांगाडे-चक्र बदलावे लागत नाही, फक्त नव्या सोंगाचे वर्णन त्याच्या हाती द्यावे लागते. यंत्र आणि यंत्रावर चालणारी माहिती यांच्यातील भिंत या एका कल्पनेने पाडली. आज एक संपूर्ण संगणक फाइल म्हणून पेनड्राइव्हवर नेता येतो, तो याच कारणाने.

याच प्रबंधात या शक्तीची मर्यादाही त्यांनी दाखवली. एखादे यंत्र दिलेल्या कामात योग्य रीतीने पुढे जात राहील की कोठेतरी अडकून पडेल, हे दर वेळी अचूक सांगणारे यंत्र असूच शकत नाही. हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे नकारार्थी ठरले. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील अलोंझो चर्च यांनी वेगळ्या मार्गाने त्याच वर्षी तोच निष्कर्ष काढला होता. ट्युरिंग १९३६ मध्ये प्रिन्स्टनला गेले आणि चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९३८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

युद्धातील गुप्त कामगिरी

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा या यंत्राने सांकेतिक केले जात. या यंत्राच्या लष्करी नमुन्यातील मांडण्यांची संख्या १५९ या आकड्यापुढे १८ शून्ये लिहिल्यावर येणाऱ्या संख्येच्या घरात होती आणि या मांडण्या रोज बदलत. पोलिश गणितज्ञांनी युद्धापूर्वीच एनिग्माचा भेद करून आपले ज्ञान ब्रिटिशांच्या हाती दिले होते. त्या पायावर ट्युरिंग यांनी बॉम्ब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या विद्युत-यांत्रिक यंत्राची रचना केली. गॉर्डन वेल्चमन यांनी तीत महत्त्वाची सुधारणा केली. पहिले यंत्र १९४० च्या मार्चमध्ये आले.

पुढील काळात सर्रास वापरल्या गेलेल्या एका बॉम्ब यंत्रात ३६ एनिग्मांचे काम करणाऱ्या चक्रांचे संच बसवलेले असत. शत्रूच्या यंत्राचा गाभा आपल्या यंत्रात उतरवायचा आणि चुकीच्या मांडण्या झपाट्याने बाद करत जायच्या, ही त्यामागची रीत होती. जर्मन नौदलाच्या संदेशांसाठी नेमलेल्या हट ८ या विभागाची सूत्रे ट्युरिंग यांच्याकडे होती. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे जाणारी रसद बुडवत होत्या. या विभागाने उकललेल्या संदेशांमुळे जहाजांचे तांडे पाणबुड्यांच्या वाटेतून दूर नेता आले आणि असंख्य खलाशांचे प्राण वाचले.

सहकाऱ्यांत त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा रंगत. परागकणांच्या त्रासापासून बचाव म्हणून गॅस मास्क चढवून सायकल चालवणारे आणि आपला चहाचा मग साखळीने रेडिएटरला बांधून ठेवणारे हे गृहस्थ देशाच्या संरक्षणाचा मोठा भार वाहत आहेत, हे बाहेरच्या कोणाला ठाऊक नव्हते. १९४६ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला. तो कशासाठी, हे मात्र उघड करता येण्याजोगे नव्हते. ब्लेचली पार्कचे रहस्य १९७० च्या दशकापर्यंत बंदिस्त राहिले.

कागदावरून धातूत

युद्ध संपताच १९४५ मध्ये ट्युरिंग नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत दाखल झाले. कागदी पट्टीवरचे सार्वत्रिक यंत्र आता इलेक्ट्रॉनिक भागांतून घडवायचे होते. एसीई या संगणकाचा सविस्तर आराखडा त्यांनी अल्पावधीत तयार केला. यंत्राची जडणघडण शक्य तितकी साधी ठेवावी आणि गुंतागुंतीची कामे लिखित आज्ञावलीकडून करून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाचा वापर करण्याची शक्यताही मांडली. नव्या कामासाठी नवे यंत्र बांधण्याची गरज उरणार नाही, तो सारा उद्योग टेबलाशी बसून आज्ञा लिहिण्याचा होईल, हे त्यांनी १९४८ च्या अहवालात स्पष्ट केले. आजचा क्लाउड, म्हणजे दूरच्या शहरातील यंत्रावर भाड्याने घेतलेला आभासी संगणक, या दोन विचारांच्या संगमावर उभा आहे.

लॅबोरेटरीतील काम मात्र रेंगाळले. एसीईची छोटी आवृत्ती १० मे १९५० रोजी चालू झाली, तोपर्यंत ट्युरिंग तेथून निघून गेले होते. मधल्या काळात लांब पल्ल्याच्या धावण्यात त्यांनी मन गुंतवले आणि १९४७ मध्ये मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली. १९४८ मध्ये न्यूमन यांच्या निमंत्रणावरून ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. तेथे २१ जून १९४८ रोजी एका प्रायोगिक यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली जगात प्रथमच चालवून दाखवली होती. या यंत्राच्या पुढील आवृत्तीसाठी ट्युरिंग यांनी प्रोग्रॅमरांची मार्गदर्शिका लिहिली.

याच सुमारास डेव्हिड चॅम्परनाउन या मित्राच्या साथीने त्यांनी बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली तयार केली. ती चालवू शकेल असा संगणक तेव्हा नव्हता. १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी झालेल्या डावात ट्युरिंग स्वतःच संगणक झाले. कागदावरील नियम वाचायचे, आकडेमोड करायची आणि नियम सांगतील तीच खेळी करायची. एका खेळीला सुमारे अर्धा तास लागे. डाव ट्युरिंग यांच्या आज्ञावलीने गमावला, पण तिला यंत्र हवेच असे नाही, नियम पाळणारा कोणीही चालेल, हे त्यातून पुन्हा दिसले.

१९५० मध्ये 'माइंड' या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात त्यांचा प्रसिद्ध लेख आला. यंत्र विचार करते काय, या संदिग्ध प्रश्नाऐवजी त्यांनी एक चाचणी सुचवली. पडद्याआडून लेखी उत्तरे देणारे यंत्र आणि माणूस यांत प्रश्न विचारणाऱ्याला फरक ओळखता येतो काय, हे पाहावे. आतून काय आहे यापेक्षा बाहेरून वर्तन कसे आहे, यावर त्यांचा भर होता.

कायद्याचा बळी

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी स्वतःच पोलिसांत तक्रार दिली. तपासात एका तरुणाशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले आणि फिर्यादीचे आरोपीत रूपांतर झाले. समलिंगी संबंध हा तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता. १८८५ च्या ज्या कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये शिक्षा झाली होती, त्याच कायद्याखाली ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग दोषी ठरले. मॅक्स न्यूमन आणि युद्धकाळातील सहकारी ह्यू अलेक्झांडर यांनी त्यांच्या चारित्र्याविषयी साक्ष दिली, परंतु आरोपीने युद्धात काय केले, हे न्यायालयात सांगण्याची सोय नव्हती.

तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचे उपचार, असे दोन पर्याय त्यांच्यापुढे होते. त्यांनी दुसरा पत्करला. स्त्री-संप्रेरकांच्या या माऱ्याने शरीराची हेळसांड झाली. गुप्तसंदेशांच्या सरकारी कामाची दारेही बंद झाली. विद्यापीठातील नोकरी टिकली आणि संशोधनही थांबले नाही. वनस्पती आणि प्राण्यांच्या अंगावरील ठिपके, पट्टे व आकार रासायनिक प्रक्रियांतून कसे उमटतात, यावरील त्यांचा मूलगामी प्रबंध त्याच १९५२ सालचा आहे.

८ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील राहत्या घरी ट्युरिंग मृतावस्थेत आढळले. मृत्यू आदल्या दिवशी सायनाइडमुळे झाला होता. बिछान्याशेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. त्याची तपासणी झाली नाही. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यात आला. घरात सायनाइड वापरून चालणाऱ्या प्रयोगांतील अपघात म्हणूनच त्यांच्या आईने या मृत्यूकडे अखेरपर्यंत पाहिले. त्यांचे वय ४१ होते.

विचाराचा पुढील प्रवास

ट्युरिंग यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, जानेवारी १९६७ मध्ये, अमेरिकेतील केंब्रिज या शहरात आयबीएमच्या संशोधकांनी सीपी-४० ही प्रणाली वापरात आणली. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करत, परंतु प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा अनुभव येई. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही सोय ग्राहकांसाठी जाहीर केली.

सार्वत्रिक यंत्र आणि आजचे आभासी यंत्र यांत एक भेद आहे. ट्युरिंग यांचे यंत्र दुसऱ्या यंत्राची प्रत्येक हालचाल वाचून, समजून घेऊन करते. १९९७ मध्ये मॅकिंटॉशवर विंडोज चालवणारा व्हर्च्युअल पीसी याच जातीचा होता. दोन्ही संगणकांच्या प्रोसेसरांची भाषा वेगळी असल्याने प्रत्येक आज्ञेचा अनुवाद करावा लागे आणि वेग मंदावे. भाषा एकच असेल, तर पाहुण्या प्रणालीच्या बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालू देता येतात. मेमरीचा ताबा किंवा उपकरणांचा वापर अशा अधिकाराच्या आज्ञा आल्या, की हायपरवायझर नावाची देखरेख करणारी आज्ञावली त्या अडवते आणि त्यांचा परिणाम स्वतः घडवून आणते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये यासाठी आवश्यक अटी मांडल्या. पाहुण्या आज्ञावलीचे वर्तन खऱ्या यंत्रावर असते तसेच राहावे, ही त्यांतील एक. ट्युरिंग यांच्या १९५० च्या चाचणीशी तिचे नाते सहज जाणवते.

घरगुती संगणकांतील इंटेलच्या प्रोसेसरांत काही आज्ञा अशा अडवता येत नसत. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने त्या आज्ञांचा चालता चालता अनुवाद करून ही अडचण दूर केली. २००३ मध्ये ट्युरिंग यांच्याच केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरवायझर पुढे आला. २००५ आणि २००६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी व्यवस्था केली आणि आभासी यंत्रे सर्वत्र पसरली. पाहुणी प्रणाली केव्हा अडकून पडेल, हे यजमानाला आधी सर्वस्वी ओळखता येत नाही. म्हणून तो तिला प्रोसेसरचा ठरावीक वेळ देतो आणि वेळ संपताच ताबा परत घेतो. १९३६ च्या प्रबंधात सांगितलेल्या मर्यादेशी जुळवून घेण्याचा हा व्यावहारिक मार्ग आहे.

उशिराचा न्याय

१९६६ पासून संगणकशास्त्रातील सर्वोच्च पुरस्कार ट्युरिंग यांच्या नावाने दिला जातो. त्यांना दोषी ठरवणाऱ्या कायद्याचे जोखड इंग्लंडमध्ये १९६७ साली सैल झाले. ब्रिटिशांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ भारतात मात्र त्यानंतरही अर्धशतक टिकले. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून मुक्त केले. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००९ मध्ये सरकारच्या वतीने ट्युरिंग यांना दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राणीने त्यांना मरणोत्तर क्षमा दिली. अशाच आरोपांखाली शिक्षा झालेल्या हजारो सामान्य माणसांना तो न्याय २०१७ च्या कायद्यापर्यंत मिळाला नव्हता.

२३ जून २०२१ रोजी, ट्युरिंग यांच्या जन्मदिनी, बँक ऑफ इंग्लंडने ५० पौंडांची नवी नोट चलनात आणली. तिच्यावर त्यांचे छायाचित्र आहे, बॉम्ब यंत्राचे आराखडे आहेत आणि १९३६ च्या प्रबंधातील एक तक्ताही आहे. हा तक्ता काल्पनिक यंत्राला पट्टीवर पुढे काय करायचे ते सांगतो. तो लिहिला गेला, तेव्हा ते यंत्र कोठेही नव्हते. आज पडद्यावरील चौकटीत दुसरा संगणक सुरू होतो, तेव्हा तोच तक्ता कामाला लागलेला असतो.